मेंदी रंगाचा सफारी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला तर नाहीच. तुम्हाला का सांगतेय? — ठाऊक नाही. आत ठेवून ठेवून वीट आलाय, एवढं खरं.

मी पडद्यावरच्या माणसांचे कपडे ठरवते. मूळची अकोल्याची. अमरावतीत एका वेब सिरीजचं शूटिंग होतं, तिचं काम माझ्याकडे होतं. त्यात एक मास्तर होता — कोचिंग क्लासमधल्या मुलींच्या अंगचटीला येणारा. दिग्दर्शक म्हणाला, "तो नुसता दारात उभा राहिला तरी किळस आली पाहिजे." मी तीनदा कपडे दाखवले, तिन्ही वेळा त्याने नकारार्थी मान हलवली.

चौथ्यांदा मी मेंदी रंगाचा सफारी आणला. खिशाला तीन पेनं, गळ्यात काळ्या दोरीला लटकणारा चष्मा, पांढरे कॅनव्हासचे बूट. केस मेंदीने लालसर. दिग्दर्शक खूश! "कुठून आणलंस गं हे?"

"सुचलं," मी म्हणाले.

सुचलं कसलं? ते इंगळे सर होते. माझे चित्रकलेचे सर. पेन्सिल कशी धरायची हे ज्यांनी शिकवलं, ते. नखशिखांत तेच — आणि मला ते उचलताना कळत होतं. चुकून झालं असतं तर बरं झालं असतं, पण तसं नव्हतं. शाळेत आम्ही मुली त्यांच्या त्या अवताराला हसायचो. सरांनी कधी कुणाच्या खांद्याला हात लावला नाही, कधी वावगा शब्द काढला नाही. फक्त दिसायला जरा विचित्र होते. तेवढंच मला पुरलं.

सिरीज खूप चालली. अकोल्यात तर घरोघरी. आणि मग सर बाजारात गेले की लोक एकमेकांना कोपर मारायचे. बसस्टँडवर एका बाईने आपल्या मुलीला त्यांच्या शेजारून उठवलं. सर निवृत्तीनंतर घरी चित्रकलेचा क्लास घ्यायचे. त्यातल्या मुली एकेक करून यायच्या बंद झाल्या. कुणी काही विचारलं नाही. विचारायला काही घडलंच कुठे होतं? एक सफारी, एक चष्मा — बस्स! माणसं इतकी कशी डोळ्यांवर विसंबतात, म्हणून मी चिडते. मग आठवतं की त्यांच्या डोळ्यांत ते मीच घातलं.

काकूंचा, म्हणजे सरांच्या पत्नीचा, फोन आला. "बेटा, तू तं अशाच कामात आहे ना वं? सांग ना लोकायले, का आमच्या सरायचा अन् त्या माणसाचा काई संबंध नाही. तुह्यं ऐकतीन ते."

"सांगते काकू," मी म्हणाले. कुणालाही सांगितलं नाही. काय सांगणार होते? कपडे सरांवरून उचलले, एवढी एक ओळ लिहायची होती, आणि त्या ओळीखाली माझं नाव आलं असतं.

पुढे दिवाळीत अकोल्याला गेले तेव्हा त्यांच्याकडे गेले. न जाण्याचं कारण सुचेना म्हणून गेले. सर साध्या पांढऱ्या शर्टात बसले होते. केस पांढरे. मी क्षणभर ओळखलंच नाही.

चहा झाला. मग तेच म्हणाले, "ते पिच्चर पाह्यलं म्या. कपडे कोनं केले वं त्याचे? नजर बारीक आहे त्याची. बुटाची नाडीबी मी बांधतो तशीच बांधली."

ते माझ्याकडे बघत होते. रागाने नाही. विद्यार्थ्याचं चित्र बघताना बघायचे, तसं. त्यांना कळलं होतं का? मला ती एक संधी दिली होती का? मला वाटतं, दिली होती.

मी म्हणाले, "मुंबईची एक बाई होती, सर. मी ओळखत नाही तिला."

"हो का," सर म्हणाले, आणि कप उचलून आत गेले.

त्या मास्तराच्या कपड्यांमुळे मला पुढची तीन कामं मिळाली. मी तिन्ही केली. सरांचा क्लास पुन्हा सुरू झाला नाही.