भोंग्याने न दिलेली दवंडी

त्याला सगळे भोंग्या म्हणत. तीनचाकी गाडी, टपावर दोन भोंगे, एक पुढे तोंड करून, एक मागे, आणि आत हा माइक धरून बसलेला. कुणाचं पोर हरवलं, पाणी बंद राहणार, कुणी वारलं, सगळं गावाला ह्याच्याच तोंडून कळायचं. आवाज असा खणखणीत की वरच्या मजल्यावरचा माणूस अर्धी दाढी तशीच ठेवून खिडकीत यायचा. घरात मात्र हा इतका हळू बोलायचा, की बायको म्हणायची, "अहो, घरातही जरा भोंगा लावत जा."

निवडणूक आली की त्याची चंगळ. सकाळी एका पक्षाचा प्रचार, दुपारनंतर दुसऱ्याचा. लोक चिडवायचे, "काय रे भोंग्या, सकाळी ज्यांना निवडून आणलंस त्यांनाच संध्याकाळी पाडतोस होय?" तो नुसता हसायचा. स्वतःचं मत कुणाला, हे त्याने बायकोलाही कधी सांगितलं नाही. पण एका बाबतीत गडी भलताच कडक. प्रचाराची मुदत संपली की संपली. वाक्य अर्धं राहिलं तरी माइक बंद, भोंग्यांवर गोणपाट, वरून सुतळीची गाठ. एकदा एका उमेदवाराने फारच गयावया केली, तेव्हा हा म्हणाला, "साहेब, बोलून बोलून डोकं उठवलंय आपण लोकांचं. आता जरा त्यांना विचार करू द्या." कायद्यातली ही गप्प बसायची अट त्याला मनापासून पटायची.

गेल्या वर्षी पाणीखात्याने नवीन टूम काढली. गाडी फिरवायची नाही, आवाज रेकॉर्ड करून वस्तीच्या मोबाइल ग्रुपवर टाकायचा. ह्यालाही बरंच झालं, पेट्रोल वाचलं. घुमू नये म्हणून तो कपाटातल्या कपड्यांत डोकं खुपसून रेकॉर्ड करायचा. असा आवाज घरोघरी ठेवून यायचा म्हणजे काय, हा विचार त्याच्या मनाला शिवलाही नाही. कुणाच्या शिवला असता म्हणा!

मतदानाच्या दिवशी तो सकाळीच मत देऊन परतला, तर बायको फोन घेऊन दारातच उभी. "अहो, हे तुम्ही कधी बोललात?"

फोनमधून त्याचाच आवाज येत होता. "नागरिकांनो, इकडे लक्ष द्या. यंत्रातल्या बिघाडामुळे शाळेतल्या केंद्रावरचं मतदान आज बंद राहील. उद्या सकाळी सुरू होईल. तसदीबद्दल क्षमस्व."

त्याने ते पुन्हा लावून ऐकलं. असं तो जन्मात कधी बोलला नव्हता, आणि तरी शब्दन् शब्द त्याचाच होता. ‘बिघाडामुळे’ आणि ‘उद्या सकाळी’ पाण्याच्या दवंडीतलं, ‘मतदान’ प्रचारातलं, क्षमस्वच्या आधीचं घसा खाकरणंसुद्धा त्याचंच. कुणीतरी तुकडे कापून जोडले होते. कुणी, ते शेवटपर्यंत कळलं नाही. नदीकाठच्या ह्या वस्तीचं मत कुणाला नकोसं होतं, ते ज्याचं त्याने समजावं.

त्याने लगेच ग्रुपवर स्वतःच्या आवाजात सांगितलं, की ते खोटं आहे, मतदान चालू आहे, निघा. तर कोपऱ्यावरच्या शिंप्याचं उत्तर आलं, "आता ह्यातला खरा भोंग्या कुठला? दोन्ही आवाज सारखेच. मी आपला उद्याच जातो." बायको म्हणाली, तोंड दाखवा. त्याने व्हिडिओ टाकला. त्यावर कुणीतरी लिहिलं, "हल्ली तोंडंही बनवतात म्हणे."

मग तो गाडीकडे धावला, सुतळीला हात घातला, आणि तसाच थांबला. गाडी तिथेच सोडून शाळेत गेला. केंद्राच्या मुख्य बाईंनी सगळं ऐकून घेतलं. "मला पटतंय हो तुमचं," त्या म्हणाल्या. "मी वर कळवते आत्ताच. पण मतदान चालू असताना भोंगा नाही लावता येणार. आज तुम्हाला लावू दिला, की उद्या कुणीही खरं सांगायला म्हणून भोंगा घेऊन येईल."

"बरोबर आहे बाई," तो म्हणाला. हेच तो इतकी वर्षं सगळ्या पक्षांना सांगत आला होता. पण काय म्हणावं ह्याला! खरा माणूस कायद्याने गप्प, आणि खोटा त्याच्याच आवाजात घराघरांत बोलत सुटलेला. त्याला आतून नुसता संताप आला होता, आणि तो काढायचा कुणावर, तेच कळत नव्हतं.

मग तो दारोदार फिरला. दार वाजवायचं, आपलं तोंड दाखवायचं, "मी खरा, मतदान आजच," एवढंच सांगायचं. शिंपी गळ्यातली टेप न काढताच उठला. "समोर उभा आहेस म्हणून येतो," म्हणाला. कुणी आले, कुणी कामावर निघून गेले होते. दुपार कलली तेव्हा त्याच्या घशातून आवाज फुटेना.

ताईकडे तो गेलाच नव्हता. ताई म्हणजे त्याची थोरली बहीण, आईमागे त्याला हिनेच वाढवलेलं. रुग्णालयाच्या धुलाईघरात चादरी धुते. तिने एकही मतदान कधी चुकवलेलं नाही, आज तर खास सुट्टी काढली होती. सकाळीच मत देऊन आली असणार, असं तो धरून चालला होता. संध्याकाळी बायको धापा टाकत आली. "अहो, ताई कामावर आहेत! सुट्टी उद्यावर ढकलली म्हणे."

त्याने गाडी काढली आणि गावाच्या दुसऱ्या टोकाला धुलाईघर गाठलं. तिथे फोन बाहेर ठेवून आत जावं लागतं, त्यामुळे त्याचा ग्रुपवरचा खुलासा तिने ऐकला नव्हता, आणि निघताना केलेले फोनही वाया गेले होते. मुकादम भला माणूस, त्याने तिला लगेच सोडलं. ती ओल्या हातांनीच गाडीत बसली. वाटेत त्याने बसक्या घशाने तिला सगळं सांगितलं. ती फक्त म्हणाली, "गाडी बघून चालव."

शाळेचं फाटक त्यांच्या डोळ्यांदेखत बंद झालं. आत रांग होती, रांगेतल्यांचं मतदान अजून व्हायचंच होतं.

"फाटकाच्या आत असता, तर कितीही उशीर झाला तरी मत देता आलं असतं मावशी," पोलीस म्हणाला. "आता माझ्या हातात नाही."

भोंग्याने हुज्जत घातली नाही. फाटकाचे गज धरून तो उभा राहिला. "ताई, चुकलं माझं," एवढंच कसंबसं म्हणाला.

"तुझं काय चुकलं?" ताईने पदराने हात पुसले. "अरे, दुसऱ्या कुणी सांगितलं असतं ना, अगदी मोठ्या साहेबाने, तरी मी एकदा शाळेपर्यंत येऊन बघितलं असतं. तुझा आवाज होता, म्हणून नाही आले."