हमीदचाचांचं कपाळ

आता काय सांगू तुम्हाला! चहा पाजताय म्हणून सांगतो, नाहीतर ही गोष्ट मी बायकोलासुद्धा अर्धीच सांगितलीय.

घनसावंगीत माझा फोटो स्टुडिओ आहे. पण ज्याच्या त्याच्या खिशात मोबाईल, मला विचारतो कोण? म्हणून मी ईर्षेनं कॉम्प्युटरवर नवं सॉफ्टवेअर घेतलं. एका क्लिकला सुरकुत्या गायब, दुसऱ्या क्लिकला डाग गायब! म्हटलं, आता दाखवतोच या मोबाईलवाल्यांना.

तावडीत पहिले सापडले हमीदचाचा. गाद्या भरतात. आमच्या घरातली प्रत्येक गादी त्यांच्याच हातची. हजला जायचं, एवढं एकच स्वप्न त्यांनी जन्मभर पाहिलं. फॉर्म ऑनलाइनवाल्याच्या दुकानातून भरायचा होता आणि मुदत संपायला दोनच दिवस उरले होते.

"सुरेश बेटा, फोटो बराबर काढ. फॉर्म बिलकुल अडकायला नको."

"चाचा, असा काढतो की बघत राहाल!"

ते गेले आणि मी कामाला बसलो. मेंदी लावलेली त्यांची लाल दाढी मला रंग बिघडल्यासारखी वाटली. केली पांढरीशुभ्र! सुरकुत्या पुसल्या. कपाळावर एक काळा डाग होता, तोही साफ! संध्याकाळी फोटो त्यांच्या घरी पोचता केला आणि शीळ वाजवत परतलो.

दुसऱ्या दिवशी चाचा फोटो घेऊन हजर.

"ऑनलाइनवाला म्हणतो, पासपोर्टशी चेहरा जुळत न्हाई. तुझी चाची विचारून राह्यली, हे पाव्हणे कोणत्या गावचे?"

मी हसलो. चाचा हसले नाहीत. त्यांनी फोटोतल्या कपाळावर बोट ठेवलं.

"चालीस साल का सजदा है बेटा. कहाँ गया?"

नमाज पढताना कपाळ जमिनीला टेकून टेकून पडलेली खूण ती! लहानपणापासून बघत आलोय हो मी! पण स्क्रीनवर चेहरा इतका मोठा केला होता की चाचा दिसतच नव्हते, नुसते डाग दिसत होते.

आता सरळ म्हणावं की नाही, "चुकलो चाचा, बसा, परत काढतो"? छे! आदल्या दिवशी फुशारकी मारलेली ना! आणि मूळ फोटो तर मी केव्हाच पुसून टाकलेला. म्हटलं, "सेटिंग हाललं जरा. उद्या सकाळी या."

मग बसलो हातानं सुरकुत्या परत उमटवत. दाढी रंगवली. कपाळावर खूणही काढली. शेवटच्या दिवशी सकाळी चाचांनी तो फोटो बराच वेळ न्याहाळला. खूण डाव्या भुवईच्या वर गेलेली.

"का रे, मी सजदा तिरपा करतो काय?"

आता मात्र शरण आलो. कॅमेरा उचलला, चाचांना स्टुलावर बसवलं... आणि लाईट गेली! कॉम्प्युटर, प्रिंटर, सगळं बंद. अकरा वाजले, बारा वाजले, लाईटचा पत्ता नाही. फॉर्म पाचला बंद होणार. चाचा स्टुलावरच बसून होते, ओठ तेवढे हलत होते. त्यांच्याकडे बघायची माझी हिंमत होईना. एकदा तरी ओरडले असते, तर बरं वाटलं असतं मला!

एवढ्यात चाची शोधत आल्या. सगळं ऐकलं आणि म्हणाल्या, "उठा, जल्दी!" माझ्याच दुकानाच्या पांढऱ्या भिंतीपुढं नवऱ्याला उभं केलं, मोबाईल काढला, खटकन फोटो घेतला आणि ऑनलाइनवाल्याला पाठवला. त्याच्याकडे इन्व्हर्टर. दहा मिनिटांत फॉर्म गेला!

"जैसे हैं वैसेइच तो लेना था, बेटा," चाची एवढंच म्हणाल्या.

पुढं हजच्या सोडतीत चाचांचा नंबर लागला. हजला निघायच्या आधी माणूस ओळखीपाळखीच्या सगळ्यांची माफी मागून येतो, ही आमच्याकडची रीत. चाचा माझ्याही दारात आले. मी ताडकन उठलो. म्हटलं, आज पाय धरायचे आणि मन मोकळं करायचं. तर मी वाकायच्या आधीच त्यांनी माझे हात धरले.

"बेटा, त्या दिवशी मनातल्या मनात तुला लई शिव्या दिल्त्या. माफ कर."

त्यांचे डोळे भरलेले. आणि एवढा सगळा घोळ घालून ठेवणारा मी काय बोललो असेन?

म्हणालो, "जाऊ द्या चाचा, केलं माफ!"