पालथी ताटली

लालबागेत आमच्या गल्लीत राहणारा हा तरुण इंजिनिअर शहरभरच्या पाइपांचं गणित लॅपटॉपवर मांडतो आणि कुठे किती पाणी पोचेल ते सांगतो. बोलताना त्याचा पाय सारखा हलत असतो आणि प्रत्येक गोष्ट 'मान लो'पासून सुरू होते.

"मान लो काका, सगळ्यांनीच तोट्या खुल्या सोडल्या. मग टोकाच्या घरी प्रेशरच नाही पोचणार. नळ आल्यावरच खोला ना."

दारोदार फिरून त्याने हे सांगितलं. टोकाला एकटी म्हातारी राहते, म्हणून मीही ऐकलं. तेव्हापासून नळाच्या वेळेला तोटी बंद ठेवतो आणि पाणी आलं का ते सारखं उठून बघतो; घरात स्वस्थ बसवत नाही.

परवा त्याच्याकडे चहाला गेलो होतो. तो स्क्रीनवर आमची गल्ली दाखवत होता, तेवढ्यात मोरीत खणखणाट झाला आणि तो धावला. त्याची तोटी सताड उघडी होती आणि खाली पालथी ताटली होती. पाणी आल्याचं ऐकू यावं म्हणून आम्हीही पूर्वी अशीच ठेवायचो.

"मान लो, काका..." बादली सरकवत तो म्हणाला.

म्हातारीच्या दाराकडे न बघता मी घरी आलो. पाणी भरलं, नळ गेल्यावर तोटी खुलीच ठेवली आणि खाली ताटली पालथी घातली.