गोलकीपरच्या तोंडावरची पट्टी

न्यू जर्सीतल्या पिस्कॅटवेला आमच्या बिल्डिंगच्या तळघरात कपडे धुवायची सहा मशिनं आहेत, त्यातली चार चालतात. दर सोमवारी सकाळी त्यातली दोन एकच माणूस अडवून बसायचा. बिल्डिंगचे नळ, दारं, हीटर दुरुस्त करणारा म्हातारा. मी त्याच्याशी पहिल्यांदा बोलले ती भांडायलाच.

“इथं कामाला आहेस म्हणून दोन-दोन मशिनं तुझी काय?”

“सेन्योरा, चौदा शर्ट आहेत. चिखलाचे.”

मी काचेतून आत बघितलं. हिरव्यापांढऱ्या पट्ट्यांचे शर्ट गरगर फिरत होते.

“घरात फुटबॉलची टीम पाळलीय?”

“घरात नाही. गावाची आहे.”

त्याचं इंग्रजी मोडकं, बाईला तो त्यांच्या भाषेत सेन्योरा म्हणायचा. माझं त्याहून मोडकं. मी चौथी शिकले आणि इथं येऊन टीव्ही ऐकून जे आलं ते आलं. पण आम्ही दोघंही सावकाश बोलायचो, त्यामुळं मुलाच्या आणि सुनेच्या इंग्रजीपेक्षा मला त्याचं जास्त कळायचं. तो जे बोलला ते इथं माझ्या मराठीत लिहिते.

तो होंडुरासचा. गाव लहान, गावात साखर कारखाना. कारखान्याच्या कामगारांनी क्लब काढला. पहिले शर्ट पिठाच्या पोत्यांचे शिवले, कुणाच्या छातीवर गिरणीचं नाव सरळ, कुणाच्या उलटं. मैदान नदीकडं उतरतं, म्हणून अर्धा वेळ एका संघाला चढावर खेळावं लागायचं. बाहेरचे संघ त्या मैदानाला शिव्या द्यायचे. आणि क्लबचा एक नियम होता. ज्याच्या चुकीनं मॅच हरली, त्यानं पुढची मॅच जिंकेपर्यंत सगळ्यांचे शर्ट धुवायचे. तेही नदीवर, बायकांच्या रांगेत बसून.

तो बावीस वर्षांचा असताना क्लब एकदाच मोठ्या लीगच्या दारात पोचला. शेवटची मॅच नुसती बरोबरीत सुटली तरी पुरे होतं. हा गोलकीपर. शेवटच्या मिनिटाला बॉल याच्या हातात. तेवढ्यात शिट्टी वाजली. यानं बॉल खाली ठेवला आणि दोन्ही हात वर केले. शिट्टी पंचाची नव्हती. शेंगा विकणारा एकजण गिऱ्हाइकं बोलवायला वाजवत होता. समोरच्यानं येऊन बॉल हळूच आत ढकलला.

दुसऱ्या दिवशी हा नदीवर गेला तर बायका म्हणाल्या, “सरका गं, गोलकीपर आलाय. साबण नीट धर बाबा, सुटला तर आत जाईल.”

पुढची मॅच क्लब जिंकला. पण अध्यक्ष म्हणाला, ही चूक तसली नाही. क्लब मोठ्या लीगमध्ये जाईपर्यंत तू धुवायचं. आणि त्या वर्षीच्या संघाचा फोटो होता, त्यात याच्या तोंडावर वायरमन लावतात तसली काळी पट्टी चिकटवली.

क्लब काही वर गेला नाही. पुढं वादळात नदी गावात शिरली. याचं घर गेलं, क्लबची खोली गेली. तो फोटो तेवढा अध्यक्षानं उचलून आणला होता म्हणून वाचला. मग माणसं गाव सोडून निघाली आणि अर्धं गाव न्यू जर्सीत आलं. इथं त्यांनी त्याच नावाचा क्लब काढला, अध्यक्षाचा मुलगा अध्यक्ष झाला. पहिल्या रविवारी हा मोठ्या हौसेनं गेला, तर त्यांनी याच्या हातात शर्टांची पिशवी दिली.

“आणि तू घेतलीस?”

“नियम आहे.”

दुसरी कुणी असती तर हळहळली असती. मी कोल्हापूरची. आमच्याकडं पेठापेठांच्या तालमींचे फुटबॉलचे संघ आहेत, आणि हरलेल्याला काय भोगावं लागतं ते मी बघितलंय. माझ्या दिरानं एकदा फायनलला पेनल्टी बाहेर मारली. सासूबाईंनी महिनाभर त्याला ताट वाढलं नाही. पेठेत कुणी त्याला चहाला हाक मारली नाही. मीसुद्धा, तो घरात आला की विचारायची, “काय भावजी, सापडला काय बॉल?” तो पुण्याला गेला तो गेलाच, सणालाही आला नाही. मला तेव्हा त्याचं काही वाटलं नाही. आता वाटतं असंही नाही.

म्हणून मी त्याला सरळ सांगितलं, “पंचाकडं न बघता बॉल ठेवलास, चूक तुझीच.”

“माझीच,” तो म्हणाला. “धुण्याचं मला काही नाही, सेन्योरा. मला तो फोटो पाहिजे.”

लग्नाआधीचा त्याचा दुसरा एकही फोटो नव्हता, सगळे नदीत गेले. बायकोशी लग्न झालं ते चाळिशीत, इथं. तिनं त्याला तरुण बघितलेलं नाही. त्याला स्वतःलाही आपलं तोंड आठवत नव्हतं. पट्टी निघाली की बघता येईल, एवढंच.

यंदा गावातला मूळ क्लब पुन्हा त्याच दारात पोचला. हा प्रत्येक मॅचनंतर मला येऊन सांगायचा, आज जिंकले, आज बरोबरी. इथल्या अध्यक्षानं शब्द दिला होता, क्लब वर गेला की पट्टी काढायची आणि पिशवी दुसऱ्याला द्यायची.

मी म्हटलं, “ओढू नको हं. नव्या स्टीलच्या भांड्यावरचं लेबल नुसतं ओढलं की अर्धं राहतं. आम्ही भांडं जरा गॅसवर धरतो, मग सालीसारखं निघतं. इतक्या वर्षांची पट्टी आहे. मी हेअर ड्रायर आणते, हळूहळू मी काढून देते.”

“तुम्ही याल?”

“येते म्हटलं ना.”

त्यानं ते माझ्याकडून तीनदा वदवून घेतलं.

मॅच रविवारी दुपारी होती. त्यांच्यातल्या एकाची बेकरी आहे, तिच्या मागच्या हॉलमध्ये टीव्ही लावला होता. मुलगा मला सोडायला आला. “आई, तुझं काय काम आहे तिथे? ऑकवर्ड होईल.”

“तुला होईल. मला नाही.”

हॉलमध्ये शंभरेक माणसं. फोटो टीव्हीच्या वर भिंतीला. सगळे टीव्ही बघत होते, हा फोटो बघत होता. तरणी पोरं त्याला “गोलकीपर, बर्फ आण”, “गोलकीपर, खुर्च्या आण” म्हणत होती. त्यातल्या निम्म्यांना तो गोलकीपर का, हेही ठाऊक नसावं.

गावचा क्लब एका गोलनं जिंकला. शिट्टी वाजली तशी सगळी माणसं उड्या मारायला लागली. यानं मात्र टीव्हीत पंच दिसेपर्यंत वाट बघितली आणि मग हात वर केले. ते बघून मला हसू आलं.

कुणीतरी माझ्या हातात ताट दिलं, तळलेली केळी आणि वर कोबी. गरम होतं. चांगलं होतं. अध्यक्ष खुर्चीवर चढला आणि फोटो काढून खाली आणला, काच सोडवली. म्हाताऱ्यानं मला हात केला. मी म्हटलं, “थांब, एवढं खाते.” त्यानं पुन्हा हात केला. अध्यक्षाला सांगत होता, त्या बाई काढतील, त्यांना येतं. अध्यक्ष माझ्याकडं बघत मोठ्यानं इंग्रजीत म्हणाला, “इतकी वर्षं थांबलास, आता ब्यूटी पार्लरवाली पाहिजे काय?” सगळे हसले.

मी ताट ठेवून उठले, पिशवीतून ड्रायर काढला. तोवर त्यानं पट्टी नखानं उचलून एका झटक्यात ओढली होती.

सगळ्यांत आधी मी पोचले. दहा पोरं दात काढून उभी, आणि मधोमध एका मानेवर पांढरा ठिपका. कागदाचा पापुद्राच पट्टीबरोबर आला होता.

मग अध्यक्ष म्हणाला, “आधीच बरा दिसत होता,” आणि ती पट्टी परत जागेवर चिकटवली. आता ती नीट बसेना, म्हणून अंगठ्यानं दाबली. फोटो भिंतीवर गेला. गाणी लागली. जाताना कुणीतरी नेहमीसारखी शर्टांची पिशवी याच्या पायाशी ठेवली, आणि ती दुसऱ्याला द्यायची होती हे एकालाही आठवलं नाही.

बाहेर मी मुलाच्या गाडीची वाट बघत होते. तो पिशवी घेऊन आला.

“सेन्योरा, तुम्ही जवळ होता. पट्टी निघताना काही दिसलं? नाक, डोळे, काहीही?”

होय म्हटलं असतं तर त्यानं मानलं असतं. मी वर्णनही केलं असतं, तरणी पोरं सगळी सारखीच दिसतात.

“नाही,” मी म्हटलं. “कागद होता.”

त्यानं मान हलवली. मग म्हणाला, “तुम्ही खात होता.”

“हो.”

मुलाची गाडी आली. दार म्हाताऱ्यानंच उघडून धरलं, मी बसेपर्यंत.