चार कोपऱ्यांतली चार तोंडं

आमच्या रिहे गावातल्या घरात भुतं मी आणली. चारही, पंचेचाळीस अंशांत कापून.

तेव्हा मी 'भूत नाही, भीती आहे!' अशी पत्रकं गावोगाव वाटत होतो. त्यासाठी कॉम्प्युटरवर डिझाइनचं सॉफ्टवेअर शिकलो होतो (तेवढ्यावर स्वतःला डिझायनर समजत होतो!). अशात आजोबांचं, म्हणजे आण्णांचं वर्षश्राद्ध आलं. जमीन विकण्यावरून भांडून गेलेली आत्या कासारसाईहून वर्षानं पहिल्यांदा येणार होती. तिचा निरोप आला, "आण्णांचा फोटू नीट लावला तरच जेवीन. न्हाईतर ह्या घरात परत पाय ठेवायची न्हाई."

माझे चुलते तात्या सुतारकाम करायचे. म्हणाले, "चौकट मी हातानं कोरतो."

"कुठल्या जमान्यात आहात, तात्या? मी काढतो, मशीन कोरेल!"

मी वेलबुट्टी काढली. लांब पट्टी, दोन्ही टोकं तिरकी, म्हणजे चार पट्ट्या भिडवल्या की चौकट तयार. एक टोक इतकं झकास जमलं, की तेच आरशातल्यासारखं उलटवून आठही टोकांना डकवलं. लाकूड वाया जाऊ नये म्हणून पडद्यावर पट्ट्या एकाखाली एक निजवल्या. जोडून बघाव्यात, हे काही सुचलं नाही! पौड रस्त्यावरच्या वर्कशॉपातल्या मशीननं मी काढलं होतं तसं इमानानं कोरलं.

श्राद्धाच्या सकाळी तात्यांनी चौकट जोडली, फोटो बसवला, भिंतीला टांगला आणि दोन पावलं मागे सरले. वीज गेलेली. दरीतलं धुकं खिडकीतून आत शिरलेलं.

"झक्कास ना, तात्या?"

"कोपऱ्यात बघ."

बघितलं. सांध्यापाशी वेलीतल्या दोन कैऱ्या समोरासमोर येऊन दोन डोळे झाले होते. सांध्याची तिरकी रेघ म्हणजे नाक. खाली देठ फाकून आ वासलेलं तोंड. चारही कोपऱ्यांत! आणि मधे आण्णा, शांत, जणू ह्या चौघांना त्यांनीच बोलावून घेतलंय.

"योगायोग! ह्याला शास्त्रीय कारण आहे!" मी ओरडलो. (माझा आवाज का कापला, त्याचं शास्त्रीय कारण सापडलं नाही.)

आई नैवेद्य घेऊन आली ती उंबऱ्यावरच थबकली. "आगं बया! पापणी हालली त्याची!"

"भीती पसरवणाऱ्यांचा निषेध असो!" म्हणत मी दार लावून आत एकटा बसलो. धुकं सरकलं की सावल्या सरकायच्या, सावल्या सरकल्या की डोळे वळायचे. मी डावीकडे झालो. तेही डावीकडे झाले. मग 'टक्' असा आवाज आला. लाकूड ओलं असेल, सांधा उकलत असेल, मी स्वतःला बजावलं. तेवढ्यात वरच्या कोपऱ्यातल्या तोंडानं, माझ्या देखत, आपला जबडा केसभर आणखी उघडला!

मी जो सुटलो, तो अंगणात थेट आत्यावर आदळलो.

"आत्या, आत जाऊ नको!"

"का? फोटू लावला न्हाई न्हवं? वाटलंच मला. चालले मी परत!" तिनं पदर खोचला आणि वळलीच.

तात्यांनी हात जोडले. "अक्का, लावलाय गं. पर त्याला... धरलंय."

"माझ्या बापाच्या फोटूला? कोन धरतंय बघू दे की!" आणि ती आत गेलीसुद्धा.

आम्ही दाराला कान लावून उभे राहिलो. मग हुंदक्यासारखं काहीतरी. आम्ही घाबरत डोकावलो. आत्या भिंतीला टेकून पोट धरून हसत होती.

"विज्या, भूत कुटं हाय? ह्यो तू हायेस की! चावडीवर भाषान करतोस तवा अस्संच डोळं वटारतोस, अस्संच त्वांड वासतोस!"

तात्यांनी नीट बघितलं. "व्हय की!" आई तर नैवेद्य खाली ठेवून हसली.

"वाढा गं, लई भूक लागलीया," आत्या म्हणाली. "आण्णांनी हयातभर ह्याचं एका बाजूनं ऐकलं. आता चारी बाजूनी ऐकू द्या!"

ती जेवली, राहिली, चार दिवसांनी गेली. त्या चौकटीला आता घरात कुणी भीत नाही. आई फडकं मारताना चारी तोंडांना दटावते, "मीट आता!" त्या खोलीत एकट्यानं जायचं टाळणारा घरात एकच माणूस उरलाय, आणि तो अजून पत्रकं वाटतोय.