बाबांचं डेट सर्टिफिकेट

बारावीची परीक्षा झाली आणि नाशिकच्या एका नर्सिंग कॉलेजात जायचं मी ठरवलं. फीचा मोठा भाग सरकारी शिष्यवृत्तीतून सुटणार होता, पण ती शिष्यवृत्ती आपल्या सवडीने येते. हॉस्टेल, मेस, गणवेश आणि पांढरे बूट यांना तेवढी सवड नसते. जव्हारला आमच्या ज्युनिअर कॉलेजात एक सर होते. ते म्हणाले, "खाजगी ट्रस्ट असतात. शोध. शोधणाऱ्याला मिळतं."

मी शोधायला लागले. मोखाड्याजवळच्या आमच्या पाड्यावर घरात रेंज नाही. वर आंब्याखाली उभं राहून, हात थोडा उंच धरला की नेट येतं. तिथे उभी राहून मी जगातल्या दानशूर माणसांची माहिती वाचत असे. देणारे खूप होते, पण प्रत्येकाच्या मनात एक ठराविक मुलगी होती आणि ती मी नव्हते. एकाला फक्त स्वतःच्या गावची मुलगी हवी होती. एकाला जहाजावर काम करणाऱ्यांची मुलं हवी होती. एक ट्रस्ट सगळा खर्च द्यायला तयार होता, पण मांस, मासे, कांदा, लसूण सोडल्याचं लिहून द्यायचं होतं. मी हे घरी वाचून दाखवलं. आईने बराच विचार केला आणि विचारलं, "सुकट चालेल का, विचार ना त्यांना."

शेवटी मुंबईचा एक ट्रस्ट सापडला. नर्सिंगला जाणाऱ्या मुलींनाच मदत करणारा. कागदपत्रं जोडायची आणि 'माझं कुटुंब' यावर एक पान लिहायचं. फॉर्म इंग्रजीत होता, म्हणून मी पानही इंग्रजीत लिहिलं. आमच्या घरात बोली वेगळी, शाळेतलं मराठी वेगळं, आणि इंग्रजी म्हणजे तर पाहुण्यांसाठी ठेवलेला कप. क्वचित काढायचा आणि जपून धरायचा. बाबा तेव्हा ठाण्याला स्लॅबच्या सेंट्रिंगच्या कामावर जायचे आणि शनिवारी शेवटच्या गाडीने उशिरा घरी यायचे. आमच्याकडे गाडी लेट असते, मास्तर लेट येतात, तसे बाबाही लेट. म्हणून मी झोकात लिहिलं, 'माय लेट फादर वर्क्स इन ठाणे. ही कम्स होम एव्हरी सॅटरडे.' दोनदा वाचलं, आवडलं, पाठवून दिलं.

फॉर्मवर मोबाइल नंबर बाबांचा होता. मे महिना होता, भाताच्या रोपांसाठी जमीन भाजायची असते, त्या राबाच्या कामाला ते घरी आले होते. मी जातीच्या दाखल्याच्या कामाला जव्हारला गेले होते, तेव्हा ट्रस्टमधून फोन आला. बाबा आंब्यालगतच्या शेतात, धुरात, एका कानावर हात ठेवून उभे. पलीकडून बाई म्हणाल्या, "अर्ज पाहिला. वडिलांचं डेथ सर्टिफिकेट जोडलेलं नाही. तेवढं पाठवा."

बाबांना ऐकू आलं, डेट सर्टिफिकेट.

"पाठवतो म्याडम," बाबा म्हणाले.

त्यांनी मला काही सांगितलं नाही. माझ्या शिक्षणाचे सगळे कागद मीच गोळा करत फिरते, एक तरी आपण आणू, असं त्यांना वाटलं. दुसऱ्या दिवशी मोखाड्याचा बाजार होता. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून थेट पंचायत समितीत गेले. बाजाराच्या दिवशी आमचे ग्रामसेवक भाऊसाहेब तिथेच भेटतात. पुढचं मी बाबांकडून ऐकलं आणि भाऊसाहेबांकडूनही. दोघांच्या सांगण्यात फरक नाही.

"भाऊसाहेब, एक डेट सर्टिफिकेट पायजे."

"कोणाचं?"

"माझंच."

भाऊसाहेबांनी मान वर केली. "डेट कसली, मामा? जन्माची का मरणाची?"

बाबांनी थोडा विचार केला. शहरातल्या ऑफिसला एक कागद दिला की ते दुसरा मागतात, हा त्यांचा अनुभव होता. "दोन्ही द्या," ते म्हणाले. "परत खेप नको."

"मामा, मरणाचा दाखला काढायचा म्हणजे आधी मरावं लागतं."

"मग एक द्या. दुसरा नंतर घेईन."

रांगेतली माणसं हसली. पण बाजारात गोष्ट जाते ती हसण्यासकट जात नाही. हसणं वाटेत गळतं आणि बातमी पुढे जाते. संध्याकाळी माझी मावशी दुसऱ्या पाड्यावरून रडत आली. तिला एवढंच कळलं होतं की मेव्हण्याच्या मरणाचा दाखला काढायला घरचं माणूस मोखाड्याला गेलं होतं. ती उंबऱ्यातच मटकन बसली आणि आईच्या गळ्यात पडून मोठ्याने रडायला लागली. आईला वाटलं, मावशीच्या घरी कोणी गेलं. म्हणून आईही रडायला लागली. बाबा मागच्या दाराने हात धुऊन आत आले आणि म्हणाले, "काय झालं? कोण गेलं?"

मावशीने किंकाळी फोडली.

बाबांनी तिला पाणी दिलं. ती पाणी प्यायली, बाबांचा हात दोनदा चाचपून बघितला आणि मग मात्र इतकी भांडली की जेवणाची वेळ टळली.

दाखल्यासाठी जव्हारची दुसरी खेप करून मी घरी पोचले तेव्हा तिघं ओसरीवर बसून माझी वाट बघत होते. बाबांनी फोनचं सगळं सांगितलं. मी आंब्याखाली धावले आणि सरांना फोन करून माझं इंग्रजी वाचून दाखवलं. सरांनी ते वाक्य पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाले, "इंग्रजीत नावाच्या आधी लेट लिहिलं की माणूस कैलासवासी होतो. आपण कै. लिहितो ना, तसं."

दुसऱ्या दिवशी मी ट्रस्टला फोन केला आणि सांगितलं की माझे वडील जिवंत आहेत, चूक माझ्या इंग्रजीची आहे. पलीकडच्या बाई चांगल्या होत्या, पण ऑफिसच्या होत्या. "मग ते हयात असल्याचा काही पुरावा?" त्यांनी विचारलं. बाबा पुन्हा शर्ट घालायला निघाले, पण भाऊसाहेबांनी फोनवरच हात जोडले. हयातीचा दाखला पेन्शनवाल्यांना लागतो, बाबांना पेन्शन नाही. सरकारी कागदावर बाबांना मरताही येईना आणि जगताही येईना.

मग ट्रस्टनेच मार्ग काढला. व्हिडिओवर मुलाखत घेऊ, वडिलांना शेजारी बसवा. आंब्याखालच्या रेंजमध्ये चेहरा दिसत नाही, म्हणून सर म्हणाले, जव्हारजवळ शिरपामाळच्या माळावर जा, तिथे रेंज चांगली आणि शांतताही. रेंज होती. शांतता नव्हती. सहलीला आलेलं एक मोठं कुटुंब आमच्या मागेच फोटो काढत होतं. बाबा मांडी घालून, छाती काढून, डोळे न मिटता मोबाइलसमोर बसले. जिवंत दिसायचं म्हणजे काय करायचं हे नक्की माहीत नसल्यामुळे ते मधूनमधून मान हलवत होते.

पडद्यावर एक मॅडम आणि एक वयस्कर सर होते. मॅडम म्हणाल्या, "आधार कार्ड चेहऱ्याजवळ धरा." बाबांनी धरलं. आधारवरचा माणूस आणि बाबा यांच्यात कोण जास्त जिवंत, यात शंका नव्हती, पण दोघं एकच आहेत यात थोडी होती.

वयस्कर सर हसले. "खरं सांगू? दर शनिवारी घरी येतात असं वाचलं, तेव्हाच आम्ही जरा घाबरलो होतो." मग मला म्हणाले, "मराठीत का नाही लिहिलंस?"

"चालतं?"

"फॉर्मवर खाली लिहिलंय की."

तेवढ्या खाली मी गेलेच नव्हते.

मुलाखत चांगली झाली. शेवटी मॅडमनी जरा अवघडत सांगितलं की माझी निवड वडील नसलेल्या मुलींच्या योजनेत झाली होती. तिथे सगळा खर्च मिळतो. आता मला दुसऱ्या योजनेत घेतील, त्यात फक्त मेस आणि पुस्तकं.

परतीच्या जीपमध्ये बाबा खिडकीकडे बसले होते. खिशातलं आधार कार्ड पुन्हा पुन्हा चाचपत होते. मग हळूच म्हणाले, "माझ्यामुळं कमी झालं, बाय."

मला हसावं की रडावं कळेना. "बाबा, गप बसा," एवढंच म्हटलं आणि त्यांच्या खांद्याला खांदा लावून बसले. जीप इतकी भरली होती की तसंही दुसरीकडे सरकायला जागा नव्हती.

हॉस्टेलसाठी मी मुंबईच्याच आणखी एका ट्रस्टला अर्ज केला. या वेळी मराठीत. बाबा म्हणाले, पाठवायच्या आधी वाचून दाखव. मी वाचलं, 'आमच्याकडे थोडीशी शेती आहे.' त्यांनी थांबवलं. "थोडीशी कशाला? हाय तेवढी हाय. आणि आंब्याची झाडं लिहिलीच नाय."

"बाबा, आंबे लिहिले तर त्यांना वाटेल आपलं बरं चाललंय."

"वाटू दे. झाडं काय लपवायची?"

सरांनीही आंबे काढायला सांगितलं, पण बाबा ऐकेनात. शेवटी आंबे राहिले. महिन्याभराने मंजुरी आली, कॉलेजात नंबरही लागला, आणि मी नाशिकला गेले. पहिलं वर्ष संपत आलं तेव्हा त्या ट्रस्टच्या ऑफिसातून बाबांना फोन आला. नवीन कागद काय मागतात म्हणून बाबा सावध झाले. पलीकडचा माणूस म्हणाला, "कागद नको. अर्जात आंब्याचं वाचलं होतं, म्हणून सहज विचारतोय. यंदा धरलेत का?"

बाबांनी पाटी भरली, वर गवत घातलं आणि जव्हारहून मुंबईच्या गाडीत चढवली. कंडक्टरला दोन आंबे वेगळे दिले.