सुकट हुंगणारी डबी

पेण स्टेशनच्या बाकावर एक अनोळखी मुलगी मांडीवर डबी घेऊन बसली होती. माझ्यासारखा माणूस विचारल्याशिवाय राहतोय कसला! डबी हवा हुंगून स्फोटकं ओळखते आणि ही डबी ती स्वतःच बनवतेय, असं तिनं सांगितलं. मी अदबीनं दोन वीत लांब सरकलो.

तेवढ्यात सुकटीची पाटी घेऊन एक मावशी शेजारी टेकल्या आणि डबी किंचाळली. ती स्फोटकं हुंगते, हे मीच मावशींना सांगून टाकलं.

"माझ्या सुकटीत बाँब हाय व्हय गो?"

मी हसलो. मुलगी हसली नाही.

"ही चुकून ओरडली तर उद्या पोलीस तुम्हाला अडवतील, मावशी. चुकून गप्प बसली तर आपण कुणीच उरणार नाही. जरा थांबता? हिला तुमचा वास शिकवते."

"माझा नाय, सुकटीचा," म्हणत मावशींनी पाटी उघडली.

मुलगी डबी पाटीवर धरायची, लॅपटॉपवर काही बदलायची, पुन्हा धरायची. लहान बाळाला घास भरवावा तशी. मी तोंड उघडं टाकून बघत राहिलो. रोह्याची गाडी आली, मी चढलो. मावशी हलल्या नाहीत.

गाडी सुटताना डबी पाटीवर होती आणि गप्प होती. मावशी सांगत होत्या, "सुकट झाली गो. आता बोंबील शिकव तिला. ते माझी जाऊ विकते."